पांढऱ्या क्रुसाचा तिठा

सॅं-ओबँ, सोमवार, १२ जून २०१७

सोलांज,

फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पत्रच लिहितो. माझं अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही. शाळेत माझ्या वह्या तूच पुन्हा लिहून काढायचीस.

काल क्लबची फेरी झाली. तीन वर्षं बंद होती, का ते तुला मी सांगायला नको. यंदा इव्हाँ सभेत उभा राहिला आणि म्हणाला, रेमीच्या नावाने तोच रस्ता एकदा सगळ्यांनी मिळून धरायचा, मग हवा तर क्लब बंद करू. वर म्हणाला, पुढे फिर्मां राहील. मी नाही म्हटलं. त्यावर ह्युगेत म्हणाली, "तुझा मेव्हणा होता तो. तू नाही तर काय नगराध्यक्ष पुढे राहणार? त्याला सायकल येत नाही." सगळे हसले आणि माझं नाही हवेत विरून गेलं.

आठाला निघालो. त्या साली अठरा मोटरसायकली होत्या, काल अकरा. रविवार सकाळ, त्यामुळे गावागावांतल्या खिडक्यांच्या झडपा मिटलेल्या. व्हेर्नूयच्या चौकात तेच तीन म्हातारे त्याच कॉफीच्या दुकानाबाहेर बसले होते. एकाने हात केला. मला वाटतं, तो मोटरसायकली मोजत होता. व्हेर्नूयच्या गढीचं उत्तरेकडचं छप्पर अजून ताडपत्रीखाली आहे. मी गेल्या खेपेलाच गढीच्या मालकाला, त्या जुन्या सरदाराच्या नातवाला, सांगितलं होतं की पाटीच्या दगडाचं छप्पर दुरुस्तीसाठी वाट पाहत नाही. तो कोपरं फाटलेल्या कोटात पायऱ्यांवर उभा राहून आमच्याकडे हसत होता. तीनशे खिडक्यांची गढी आणि आत तो एकटा. एकट्याला इतक्या खोल्यांचं करायचं काय असतं, असं पूर्वी मी गमतीने म्हणायचो. आता माझ्याच चार खोल्या मला जास्त होतात.

क्रूझ नदीच्या काठाने दुपारपर्यंत मोंब्राँला पोचायचं होतं. तू कधी रेमीच्या मागे बसली नाहीस, म्हणून आमची पद्धत तुला कधी नीट कळली नसेल. सगळ्यात पुढे जो असतो त्याला रस्ता माहीत असतो. सगळ्यात शेवटी पिवळं जाकीट घातलेला एक जण असतो, त्याला आम्ही झाडू म्हणतो. मागे पडेल त्याला गोळा करत येणं हे त्याचं काम. इव्हाँ आमचा कायमचा झाडू. आणि जिथे रस्ता फुटतो, तिथे पुढच्याच्या मागची मोटरसायकल थांबते. तो माणूस म्हणजे खांब. त्याने हाताने वाट दाखवत उभं राहायचं आणि पिवळं जाकीट दिसेपर्यंत हलायचं नाही. जाणारा प्रत्येक जण पाय बाहेर काढून त्याचे आभार मानतो, कारण हात मोकळे नसतात. एवढंच. या एवढ्यावर साठ वर्षांची माणसं नकाशा न बघता दिवसभर हिंडतात.

पांढऱ्या क्रुसाच्या तिठ्यावर ब्रिजित खांब झाली. नवीन आहे, टपालखात्यात असते. त्या दगडी क्रुसाशी तिला उभी करून मी उजवीकडे गेलो. मागे कोणाची तरी साखळी निघाली, इव्हाँ अडकला, आणि पाऊस आला. ब्रिजित पन्नास मिनिटं भिजत उभी होती. मोंब्राँच्या खानावळीत ती आली तेव्हा बुटांतून पाणी ओतलं. मी म्हटलं, "अगं, शंभर पावलांवर बसथांबा आहे. आडोशाला जायचं होतंस."

ती म्हणाली, "खांब आहे ना मी? खांब कुठे चालत जातो?"

सगळे खो खो हसले. तिला सूप आधी वाढलं. मला काही जेवण गेलं नाही, पोटाचं कारण सांगितलं.

येताना मी दफनभूमीत जाऊन आलो. रेमीच्या दगडावर त्याचं एकट्याचंच नाव आहे. शेजारी बायकोचं नाव कोरायला जागा सोडायची नाही, असं तू दगडकोऱ्याला बजावलंस, ते त्यानेच मला सांगितलं. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर तू त्याच्याजवळ झोपायला तयार नाहीस. तो त्या दिवशी आम्हाला सोडून लग्नाआधीच्या त्याच्या मैत्रिणीकडे, नादेजकडे निघाला होता, असं तू धरून बसली आहेस. मला त्यावर काही बोलायचं होतं. पुन्हा कधीतरी.

तुझ्या इथल्या बंद घराच्या चिमणीजवळची कौलं बदलली.

फिर्मां


रविवार, २५ जून

सोलांज,

उत्तर नाही. ठीक आहे. ब्रेस्तचं टपाल समुद्रातून येत असेल.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. मोंब्राँच्या गढीवर तिकिटाच्या खिडकीत आता नादेज बसते. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आत गेलो नसतो. बाकीचे तिकिटं घेऊन पुढे गेले आणि मी खिडकीपाशी उभाच राहिलो. ती केस रंगवत नाही आता. चष्मा गळ्यात दोरीला.

"तू फिर्मां ना? सोलांजचा भाऊ?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं भेटलास. मला एकाला तरी विचारायचंच होतं. रेमी माझ्याकडे येत होता, हे पहिल्यांदा कोण म्हणालं?"

मी म्हटलं, लोक बोलतात. गावाचं तोंड कोण धरणार.

"लोक नंतर बोलतात," ती म्हणाली. "आधी एक जण बोलतो. त्याच्या लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत मी त्याला एकदा पाहिलं. औषधाच्या दुकानात. खोकल्याची बाटली घेऊन उभा होता. मला म्हणाला, सोलांजला खोकला आहे, मधातलं कोणतं चांगलं? मी सांगितलं. एवढंच आमचं प्रेमप्रकरण. आणि माझा नवरा तीन वर्षं माझ्याशी जेवताना बोलत नाही."

मग तिने आणखी एक सांगितलं. रेमी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तू तिच्या घरासमोर आली होतीस. रस्त्याच्या पलीकडे, गाडीत बसून. तिने तुला ओळखलं, तू आत येशील म्हणून दार उघडं ठेवलं आणि कॉफी ठेवली. तासाभराने तू निघून गेलीस. "तिने विचारलं असतं ना," नादेज म्हणाली, "तर मी बायबलवर हात ठेवला असता. पण तिने विचारलंच नाही. मी आपणहून जाऊन कोणाच्या विधवेला काय सांगू?"

मागून एक कुटुंब तिकिटाला आलं आणि मी सटकलो. गढी पाहिली नाही. बाहेर मोटरसायकलीशी उभा राहून हेल्मेटची काच पुसत राहिलो.

तू तिच्या दारापर्यंत गेली होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. तू हे सगळं मागे टाकून समुद्राकडे गेलीस, तिथे तुला बरं वाटत असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

तुझ्या बागेतल्या चेरीवर यंदा पक्षी तुटून पडलेत. जाळी घालू का?

फिर्मां


शुक्रवार, ७ जुलै

सोलांज,

तुझं कार्ड मिळालं. दीपस्तंभाचं चित्र, मागे दोन ओळी: "कौलांचं आणि चेरीचं लिहू नकोस. त्या दिवसाचं लिही, नाहीतर लिहू नकोस."

काल चार पानं लिहिली. वाचली, तर त्यात सगळी इव्हाँची चूक, ह्युगेतच्या चाकाची चूक आणि रस्त्यावर खडी टाकणाऱ्यांची चूक निघाली. मी कुठे नव्हतोच. ती पानं चुलीत घातली.

मला दोन दिवस दे. आधी एका माणसाला सांगून येतो.

फिर्मां


रविवार, ९ जुलै

सोलांज,

काल इव्हाँकडे गेलो होतो. आता जे तुला लिहितो ते आधी त्याला तोंडाने सांगितलं, कारण लिहिताना मला वळणं घेता येतात आणि त्याच्यासमोर येत नाहीत. तो सशांना गवत घालत होता. मी बोलून संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "तिला लिहितोस, का मी जाऊ?" म्हणून लिहितो.

१५ जून २०१४. त्या दिवशी रेमी पहिल्यापासून मागे होता. तुला त्याची सवय माहीत आहे, कुठे जुनी पाणचक्की दिसली की उतरलाच. पांढऱ्या क्रुसाशी मी खांब झालो. एकामागून एक तेरा मोटरसायकली गेल्या. तेरावा फाब्रीस. तो थांबला आणि म्हणाला, "ह्युगेतचं मागचं चाक बसलंय. इव्हाँ आणि रेमी तिच्यापाशी आहेत. अर्धा तास तरी लागेल, बस आता ऊन खात." आणि गेला.

तेव्हा बारा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. त्या संध्याकाळी मला तुझ्याकडे जेवायला यायचं होतं. आपलं दोघांचं ईस्टरपासून आईच्या कपाटावरून वाजलेलं होतं. रेमीनेच मध्ये पडून मला बोलावलं होतं. सकाळी पेट्रोल भरताना मला म्हणाला, "सात वाजता ये. ससा शिजवतेय. कपाटाचा विषय काढलास तर मी तुला कपाटात कोंडीन. आणि हात हलवत येऊ नकोस, केक आण." उजव्या रस्त्याला दीड किलोमीटरवर सॅं-लूपची बेकरी आहे. ती रविवारी साडेबाराला बंद होते ती मंगळवारपर्यंत. मी विचार केला, अर्धा तास कोणी येत नाही, जाऊन येतो.

मी गेलो, सोलांज. माझी जागा सोडून गेलो.

दुकानात रांग होती. चर्चमधून सुटलेल्या बायका, प्रत्येकीला आठ जणांचा केक हवा. मी स्ट्रॉबेरीचा घेतला. बाईने खोक्याला फीत बांधायला वेळ लावला आणि मी तिला घाई करा म्हटलं नाही. परत तिठ्यावर आलो तेव्हा बारा पस्तीस झाले होते. रस्ता मोकळा होता. मी पुन्हा क्रुसाशी उभा राहिलो, हात लांब करून, जसा काही हललोच नव्हतो.

पाच मिनिटांनी इव्हाँ आणि ह्युगेत आले. इव्हाँने हेल्मेट वर करून विचारलं, "रेमी गेला ना पुढे? त्याला मी बारा दहालाच पाठवलं. म्हटलं, खानावळीत सांग जेवण थांबवा म्हणून."

फाब्रीस निघाला तेव्हा रेमी तिथेच होता, आणि मागोमाग इव्हाँने त्याला पाठवलं. हे मला ठाऊक नव्हतं. मी नव्हतो असं म्हणालो असतो तर इव्हाँने मोंब्राँला मला सगळ्या क्लबच्या देखत सोलून काढलं असतं. त्रेचाळीस वर्षं मोटरसायकल चालवणारा माणूस केकसाठी जागा सोडतो. मी म्हटलं, "हो, गेला."

एक वाजता खानावळीत पोलिसांचा फोन आला. डावीकडच्या रस्त्यावर, गिरणीच्या पुलाअलीकडच्या वळणावर, नव्या टाकलेल्या खडीवर तो घसरला होता. एका शेतकऱ्याला सापडला. इव्हाँ माझ्याकडे वळला. "गेला म्हणालास ना?" मी म्हटलं, "गेला. पण डावीकडे. मला वाटलं, येईल मागून." मग खानावळीत आलेल्या पोलिसाने विचारलं, डावीकडे कशाला? तिकडे काय आहे? सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, "नादेज राहते ना तिकडे."

नादेजने खिडकीतून विचारलं ना, पहिल्यांदा कोण बोललं? मी बोललो. चार शब्द. माझ्याकडे बघणारे डोळे दुसरीकडे वळावेत म्हणून. ते वळले. संध्याकाळपर्यंत गावाने बाकीचं रचलं, आणि दफनाच्या आदल्या दिवशी ते तुझ्यापर्यंत पोचलं.

तेव्हा तू मला तुझ्या स्वयंपाकघरात नेऊन दार लावलंस. तुझ्या हातात त्याचा काळा कोट होता, इस्त्री करायला काढलेला. तू विचारलंस, "फिर्मां, तू तिथे उभा होतास. त्याने तुला पाहिलं?" मी म्हटलं, पाहिलं. "तू उजवीकडे दाखवत होतास?" मी म्हटलं, हो. "आणि तरी तो डावीकडे गेला?" मी नुसतं हो म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "हो. नेहमीसारखा पाय बाहेर काढला, आणि गेला."

ते पाय बाहेर काढणं मी त्या क्षणी जागच्या जागी रचलं. खरं वाटावं म्हणून. तू कोट खुर्चीवर टाकलास आणि त्यानंतर माझ्यासमोर एकदाही रडली नाहीस. त्याला पुरायला तो कोट तू दिला नाहीस. शेवटी दफनवाल्यांनी त्यांच्याकडचा घातला. ते मी पाहिलं आणि गप्प राहिलो.

तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो गेला तो गेला, आता खरं सांगून कोणाचा जीव परत येणार आहे. नादेजच्या खिडकीपाशी मला कळलं की मी त्याला एकदा मेलेला असताना पुन्हा मारलं, आणि ते फक्त तुझ्यापुरतं मारलं. मला माझी लाज वाटते. इतकी की इव्हाँ गवत घालायचं थांबला असता तर मी पळून आलो असतो.

इव्हाँ म्हणाला, पुढच्या रविवारी क्लबपुढे हे सगळं तूच वाचून दाखव. दाखवीन. पोलीसचौकीत जाऊन माझा तेव्हाचा जबाबही बदलतो. तिथला जुना साहेब निवृत्त झालाय, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. नादेजकडे जाईन, तिच्या नवऱ्यासमोर सांगीन. तो मला हाकलेल तर हाकलू दे. तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर मी येणार नाही. माफी मागत नाही, कारण मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल.

आता एक शेवटचं. हे इव्हाँलाही ठाऊक नव्हतं. मृतदेह ओळखायला मीच गेलो होतो, तू नव्हतीस. त्या जुन्या साहेबाने मला कागद दाखवला. शेतकऱ्याचा फोन बारा वाजून छत्तीस मिनिटांनी आलेला. म्हणजे रेमी तिठ्यावर पोचला असेल बारा पंचविसाला, मी फितीचं खोकं हातात धरून उभा असताना. नादेजचं घर पुलापलीकडे नऊ किलोमीटर. तिथे जाऊन यायला वेळच नव्हता. तो फार तर पुलापर्यंत गेला असेल. मी विचारलं, लगेच जीव गेला का? साहेब म्हणाला, लगेच. मी तीनदा विचारलं. मग तो म्हणाला, "एक मला कळत नाही. तुम्ही म्हणता तो निघून गेला. पण खडीवरच्या चाकाच्या खुणा पुलाकडून इकडे येणाऱ्या आहेत. मोटरसायकलचं तोंड तिठ्याकडे आहे." मी म्हटलं, पडताना फिरली असेल. त्याने खांदे उडवले आणि कागद मिटला.

तिठ्यावर कोणी नव्हतं म्हणून त्याने रुंद रस्ता धरला, सोलांज. पुढे कोणी दिसेना तेव्हा त्याला चूक कळली आणि त्याने मोटरसायकल वळवली. ज्या वळणावर तो पडला, तिथे तो परत येत होता.

फिर्मां